रोजचा स्वयंपाक, रोजचा भाग

‘ताई, मला टीव्हीच्या मालिका लिहायच्या आहेत. हसू नका हं!’ अशी सुरुवात असलेलं एक पत्र गेल्या महिन्यात आलं. पत्र लिहिणाऱ्या भगिनी चाकणजवळ निघोजे गावात राहतात. वय एकतीस, शिक्षण बी. ए., पदरी दोन मुलं. यजमान चाकणच्या एका कारखान्यात, तिन्ही पाळ्यांत. बाईंनी गेल्या वर्षी पटकथेचा एक वर्ग घरबसल्या पूर्ण केला, चार कथा लिहिल्या, आणि एका निर्मितीसंस्थेनं त्यांना ‘एक भाग नमुना म्हणून लिहून पाठवा’ असं कळवलंही. घोडं पेंड खातंय ते पुढंच. आठ दिवस झपाट्यानं लिहितात, मग पंधरा दिवस वही उघडत नाही. त्यात यजमानांनी मुदत घातली आहे : ‘दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या सुरू कर.’ माणूस वाईट नाही, असंही त्यांनी खाली लिहिलंय. घराचा हप्ता आहे, मोठ्याची फी आहे. प्रश्न एवढाच, की लिहायची उमेद रोज टिकवायची कशी?

मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काय आहे? दिवेलागणीपासून रात्री दहा-साडेदहापर्यंत आपल्या घराघरांत जे चालू असतं ते कुणीतरी कुठंतरी बसून लिहितच असतं की! मी चिंचवडच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, घर सांभाळते आणि गेली अडीच वर्षं याच वाटेवर आहे. तेव्हा या उत्तरात पुस्तकातलं थोडं आणि घरातलं जास्त येईल.

आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगते, कारण बऱ्याच जणींना वाटतं की एक लेखक बसतो आणि अख्खी मालिका लिहितो. रोजच्या मालिकेत तसं नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी बहुधा वाटणी असते. कथाकार पुढच्या काही आठवड्यांत काय घडणार ते ठरवतो. पटकथाकार त्याचे सीन पाडतो : कुठं, कोण, दिवस की रात्र, सीनच्या शेवटी काय बदललं. संवादलेखक त्या सांगाड्यावर बोलणं चढवतो. ‘आई कुठे काय करते’ आपण सगळ्यांनी पाहिली. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं ती चालली. तिची मूळ बंगाली मालिका ‘श्रीमोयी’ लीना गंगोपाध्याय यांची. मराठीत पटकथा नमिता वर्तक यांची आणि संवाद मुग्धा गोडबोले यांचे. तिन्हीकडे बाईच! अरुंधतीच्या तोंडून आपण जे ऐकत होतो ते उगाच नाही आतपर्यंत जात होतं.

आता हिशेब करा. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता बावीस-एक मिनिटं उरतात. त्याची अठरा-वीस पानं धरा. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस. पाचशे पानं झाली! ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. हा धंदा स्फूर्तीचा नव्हे, रतिबाचा आहे. आणि रतिबाची सवय आपल्याइतकी कुणाला असणार? उमेदीची वाट बघत बसलो असतो तर आपल्या घरात कधी कुकर चढला नसता. ‘आज भाजी करावीशी वाटत नाही’ असं वाटतं, आणि वाटता वाटता आपण भेंडी चिरायला घेतलेली असते. लिहिण्याचंही तेच.

पण ‘रोज ठरलेल्या वेळी लिहा’ हा जो उपदेश जो तो देतो, तो आपल्या भागात चालत नाही, हे मी स्पष्टच सांगते. ज्या घरात दर आठवड्याला पाळी बदलते तिथं ठरलेली वेळ आणायची कुठून? आमच्या ‘ह्यां’च्या पाळ्या आठ वर्षं मी सांभाळल्या आहेत. पहिल्या पाळीचा डबा भल्या पहाटे, दुसऱ्या पाळीचं जेवण मध्यरात्री गरम करायचं, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा घरात चिडीचूप. त्यात २०१९ पासून दिवसाआड पाणी. पाण्याच्या दिवशी मशिन, पुसणं, टाक्या, सगळं त्याच वेळी. तेव्हा वेळ ठरवू नका, पाळी ठरवा. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहून ठेवा : पहिली पाळी असली की मी कधी बसणार, दुसरी असली की कधी, रात्रपाळी असली की कधी.

पहिल्या पाळीत ते कंपनीच्या बसला गेले की मुलं उठेपर्यंतचा पाऊण तास आपला. परत झोपू नका, एवढंच. दुसऱ्या पाळीत मुलं झोपल्यानंतर ते घरी येईपर्यंतचा वेळ मोठा सापडतो. एरवी त्या वेळात आपण मोबाइल चाळत जागत बसतोच. पण माझं ऐकाल तर सगळ्यांत चांगला आठवडा रात्रपाळीचा. ‘अगंबाई, तो तर सगळ्यांत त्रासाचा!’ असं म्हणाल. दिवसा घरात माणूस झोपलेला, म्हणजे मिक्सर नाही, शिट्टी नाही, टीव्ही नाही, शेजारणीनं बेल वाजवायची नाही. सगळी आवाजाची कामं बंद. मग आवाज न करणारं काम कोणतं उरलं? पेन काही आवाज करत नाही. मी माझे पहिले तीस सीन रात्रपाळीच्या आठवड्यांत, स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ टेकून, हातानं लिहिले आहेत. फोनवर बोलून टंकन करायची सोय आता चांगली झाली आहे, मराठीही बरं उतरतं, पण ती सोय दुसऱ्या पाळीच्या आठवड्यासाठी ठेवा.

आणि काही दिवस लिहिणं होणारच नाही, ते आधीच वजा करून टाका. आकुर्डीला पालखीचा मुक्काम असतो त्या दोन दिवसांत आमच्याकडे गावाकडची बारा-चौदा माणसं असतात. त्या दिवसांत वही उघडायची नाही असं मी ठरवूनच टाकलंय, त्यामुळे ‘खंड पडला’ अशी रुखरुख राहत नाही. खंड आणि सुट्टी यांत फरक आहे, बरं का. सुट्टीला परत यायची तारीख असते.

भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहितो ना आपण? त्याच चौकोनात, त्याच पेन्सिलीनं, आज किती सीन झाले तो आकडा घाला. शून्य असेल तर शून्य. घरातल्या सगळ्यांना तो दिसतो, हा त्याचा मोठा फायदा. आमच्याकडे सासूबाईंनी आधी ‘हे काय गं?’ म्हणून विचारलं. महिन्याभरानं त्याच म्हणायला लागल्या, ‘अगं, आज दुधाखाली काही लिहिलं नाहीस!’

कामाचा भाग द्यायची तारीख जवळ आली की स्वयंपाक कसा आवरायचा, हेही विचारलंय. मालिकावाले चार-सहा भाग आधी तयार करून ठेवतात, त्याला ते ‘बँक’ म्हणतात. आपण वाळवण म्हणू. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याचा कूट, चिंच-गुळाचा कोळ हे घरात असलं की तीन दिवस निभतात. कणीक रात्री भिजवून, वरून तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढून वीस मिनिटं थांबा, पोळी मऊ होते. त्या आठवड्यात पिठलं-भात दोनदा झाला तर कुणाचं बिघडत नाही. हाच नियम लिहिण्यालाही लावा. हातात कुणाचंही काम नसेल तेव्हा सुटे सीन लिहून ठेवायचे : सासू-सून नव्हे, बाप-मुलगी, दोन जावा, घरमालक-भाडेकरू, दवाखान्याच्या बाकावर बसलेली दोन माणसं. नमुना भाग मागितला की रिकाम्या परातीपासून सुरुवात करावी लागत नाही.

शिकायचं कसं, तर मालिका बघून. पण आपण बघतो तशी नव्हे. एक भाग घ्या, वही घ्या. प्रत्येक सीन संपला की तीन गोष्टी लिहा : कोण काय मागत होतं, मिळालं का, आणि ब्रेकच्या आधी कोणता प्रश्न लोंबकळत ठेवला. मग तोच भाग आवाज बंद करून बघा आणि संवाद स्वतः लिहा. वेगवेगळ्या मालिकांचे तीन भाग असे उतरवलेत तर कुठल्याही वर्गापेक्षा जास्त हाती लागतं. वर्ग करूच नयेत असं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, अधूनमधून थोड्या दिवसांचे वर्गही निघतात. परवडत असेल तर जरूर करा. पण चाकणहून येण्याजाण्यातच दिवस जाणार असेल तर वही पुरे.

आता मला ज्याविषयी मनापासून बोलायचंय ते सांगते. पत्रात एक वाक्य असं आहे : ‘इथं कारखाने आणि कंटेनरशिवाय काही नाही, लिहिण्यासारखं काय आहे?’ अहो बाई, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसून कोळसा शोधताय! आपल्या या पट्ट्यात पिंपरीपासून चाकणपर्यंत महाराष्ट्रातली किती प्रकारची मराठी एका जिन्यात ऐकू येते! आमच्याच इमारतीत नवऱ्याला यायला उशीर झाला, तर तळमजल्यावरच्या अकोल्याच्या वहिनी म्हणतात, ‘काहून उशीर झाला जी?’ पहिल्या मजल्यावर जळगावच्या ताई, ‘काबरं उशीर केला हो?’ जालन्याच्या आहेत त्या, ‘कामून उशीर झाला?’ आणि आमच्या साताऱ्याकडच्या सासूबाई, ‘का वं, एवढा येळ?’ संवादलेखकाला हे भांडवल मुंबईत भाड्याच्या खोलीत बसून मिळणार आहे का? ‘लागिरं झालं जी’ २०१७ ते २०१९ चालली. तिचे लेखक तेजपाल वाघ वाईचे, आणि मालिका घडली ती सातारा जिल्ह्यातच. लोकांना ती आवडली त्यात त्या बोलीचा वाटा मोठा होता, असं माझं मत आहे.

बोलीइतकंच महत्त्वाचं, म्हणजे माणसं काय बोलत नाहीत ते. आपल्याकडे हजारो माणसं कंत्राटावर कामाला आहेत. कंत्राट संपलं ते घरी कसं कळतं? नवरा येऊन ‘माझी नोकरी गेली’ असं भाषण करत नाही. ती म्हणते, ‘डबा तसाच परत आलाय.’ तो म्हणतो, ‘भूक नव्हती.’ ‘कंपनीत काही झालं का?’ ‘मीठ कमी होतं भाजीत.’ संपला सीन! बघणारीच्या पोटात गोळा येतो. मालिकांमधल्या बंगल्यांत जरीच्या साडीतली सून पोळ्या लाटते, तिला तसं लाटू द्या. पण पडद्यावर मी अजून एकाही घरात मध्यरात्री पाळीवरून येणाऱ्या माणसासाठी आमटी गरम होताना पाहिलेली नाही. ती कुणी लिहायची? कंपनीच्या बसथांब्यावर, दळणाच्या रांगेत, चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशी दहा मिनिटं कान उघडे ठेवून उभ्या राहा आणि घरी आल्यावर एकच वाक्य, जसं ऐकलं तसं, टिपून ठेवा. माझ्याकडे अशा वाक्यांच्या दोन वह्या झाल्यात. नावं मात्र लिहू नका, शेजारधर्म आहे.

घरात बसून हे काम होतं का, अशी शंका घेणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. दूर अमेरिकेतली आहे, पण ऐकण्यासारखी आहे. इर्ना फिलिप्स नावाची एक शिक्षिका होती. १९३० साली शिकागोच्या एका रेडिओ केंद्रासाठी तिनं घरातल्या बायकांसाठी रोजची श्राव्यमालिका लिहायला घेतली. पुढं अशा मालिकांच्या जाहिराती साबणवाल्या कंपन्या देऊ लागल्या, म्हणून त्यांना लोक ‘सोप’ म्हणायला लागले. पहिल्या मालिकेची मालकी आपली की केंद्राची यावरून तिचं भांडण कोर्टात गेलं आणि ती हरली. पण तोवर ती शहाणी झाली होती. नंतरच्या मालिकांची मालकी तिनं स्वतःकडे ठेवली. १९३७ ला सुरू झालेली तिची ‘गायडिंग लाइट’ आधी रेडिओवर, मग टीव्हीवर अशी २००९ पर्यंत चालली. बाई स्वतः लिहीत नसे, निरनिराळ्या आवाजांत बोलून दाखवी आणि लेखनिक उतरवून घेई. म्हणजे आपली बोलून टंकन करण्याची सोयच!

तिच्या हाताखाली तयार झालेली अ‍ॅग्नेस निक्सन तर आपल्या आणखी जवळची. चार मुलांची आई, राहायची फिलाडेल्फियाजवळ, आणि मालिका न्यूयॉर्कच्या. घरी बसून लिहायची. १९६२ साली तिनं ‘गायडिंग लाइट’मध्ये एका गृहिणीला गर्भाशयाच्या कर्करोगाची तपासणी करायला लावली. तिची एक मैत्रीण त्या आजारानं गेली होती. जाहिरातदार आणि वाहिनी तयार होईनात; शेवटी ‘कर्करोग’, ‘गर्भाशय’ हे शब्द न उच्चारता लिहायचं या अटीवर परवानगी मिळाली. तिनं तसं लिहिलं. शब्द न वापरता घराघरांतल्या बायकांना काय ते कळलं. आपल्याकडेही ‘हम लोग’ १९८४ साली आली तेव्हा तिच्यातल्या माणसांच्या नावानं लोकांनी लाखांनी पत्रं पाठवली होती. मनोहर श्याम जोशी तिचे लेखक. मालिका म्हणजे फावल्या वेळचा चाळा, असं कुणी म्हणालं की मला ही दोन उदाहरणं आठवतात.

मुंबईला कायम राहायची गरज आता उरलेली नाही. कथेच्या बैठका पडद्यावर होतात, भाग मेलनं जातो. कथा ऐकवायला मात्र समक्ष जावं लागतं, आणि जावंच. सकाळची सिंहगड एक्सप्रेस चिंचवडला थांबते. आदल्या दिवशी शेजारणीला सांगून ठेवा, मुलांचा डबा तिच्याकडे. पुढल्या खेपेला तिचं काही आपण करायचं.

आता पैशाचं. हा भाग यजमानांना वाचायला द्या. संवादाचे पैसे भागामागे ठरतात. काम केलं की लगेच मिळत नाहीत. करारात साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत लिहिलेली असते आणि ती बहुधा भाग दाखवला गेल्यापासून मोजतात. म्हणजे आज लिहिलेल्या भागाचे पैसे दिवाळीला हातात येतील असं धरून घराचा हप्ता आखू नका. मिळतात ते कर कापून. पॅन कार्ड आपल्या नावाचं हवं आणि विवरणपत्र भरायचं, म्हणजे जादा कापलेला परत येतो. खातंही आपल्याच नावाचं असू द्या. शिकवण्या आणि लेखन यांत ‘हे नाहीतर ते’ असं करायचं कारण नाही. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, पाच मुलं. एवढ्या शिकवणीनं मोठ्याच्या फीला हातभार लागेल आणि लिहिणं पोटापाण्याच्या धाकातून सुटेल. मी शाळा सोडलेली नाही ती त्याचसाठी.

नमुना भाग फुकट लिहावा का? एक लिहावा. दुसरा मागितला तर ‘आधीच्यात काय कमी पडलं ते सांगा’ असं नम्रपणे विचारावं. पाच मागितले तर तो नमुना नव्हे, ते काम आहे, आणि कामाला दाम असतो. कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, लिहून काढलेल्या मांडणीवर सांगता येतो. म्हणून तोंडी गोष्ट सांगण्याआधी ती चार पानांत लिहा. मुंबईत ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’ ही लेखकांची संघटना आहे. सभासद होऊन आपली कथा तिथं नोंदवता येते, त्यासाठी मुंबईला खेप घालावी लागत नाही. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लेखकाची रॉयल्टी करारानं काढून घेता येणार नाही असं कलम आलंय. कायदा कागदावर असणं आणि पैसे खात्यात येणं यांत अंतर आहे, पण सही करताना आपल्याला ते कलम माहीत असलेलं बरं.

नावाबद्दलही आधीच विचारावं. मी एका मालिकेसाठी आठ महिने संवादांना मदत केली. पैसे वेळेवर आले, पण पाटीवर नाव एकदाही आलं नाही. कोणती मालिका ते सांगत नाही. ते काम मी शिकवणी समजून केलं, आणि आठ महिने झाल्यावर ‘आता नावासकटच’ असं सांगितलं. त्यांनी दुसरी मुलगी घेतली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण कालनिर्णयातले आकडे मी त्या महिन्यातही भरले. सध्या माझे दोन प्रस्ताव दोन ठिकाणी पडून आहेत आणि मी तिसरा लिहिते आहे.

हे सगळं जमलं तरी मालिका आपल्या हातात नसते, हेही ओळखून असावं. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. (आपल्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि तिकडे लेखकांच्या जिवाला घोर!) आकडे घसरले की ठरलेली गोष्ट रातोरात बदलते, फारच घसरले तर पंधरा दिवसांत गाशा गुंडाळतात. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण थांबलं तेव्हा कितीतरी मराठी मालिकांचं बिऱ्हाड गोवा, दमण, सिल्व्हासा इकडे हललं, आणि घरातली सगळी माणसं अचानक परगावी का गेली याचं कारण लेखकांना शोधत बसावं लागलं. आता म्हणतात, संगणकच संवाद लिहील. अमेरिकेतल्या लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला त्यात हाही एक मुद्दा होता, आणि लेखकावर असं यंत्र वापरायची सक्ती करायची नाही हे त्यांनी करारात लिहून घेतलं. आपल्याकडे काय होईल ते दिसेलच. ‘मीठ कमी होतं’ हे वाक्य यंत्राला सुचेपर्यंत तरी मला घाई नाही.

तर निघोज्याच्या बाई, दिवाळीच्या मुदतीचं असं करा. ‘दिवाळीपर्यंत मला काम मिळेल’ असं यजमानांना सांगू नका. ते तुमच्या हातात नाही. ‘दिवाळीपर्यंत माझ्याकडे साठ सुटे सीन, एक पूर्ण नमुना भाग आणि दोन नोंदवलेल्या कथा असतील, आणि दसऱ्यापासून तीन दिवस शिकवणी’ असं सांगा. हे मोजता येतं. नमुना भाग या आठवड्यातच सुरू करा. आपण लिहिताय ती पाळी कोणती ते आधी बघा. आणि पहिला सीन लिहून झाला की तो यजमानांना मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही वाचू नका. जिथं ते अडखळतील तिथं खूण करा, ते वाक्य बदलायचं आहे. आमचे ‘हे’ अजूनही वाचतात, दुसऱ्या पाळीवरून आल्यावर, जेवता जेवता, आणि बाईचे संवाद बाईच्या आवाजात वाचायला साफ नकार देतात.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात कडधान्यांना होणाऱ्या भुंग्यांविषयी. त्यावर आलेली पत्रं एकोणीस आहेत, तेव्हा आणखी पाठवू नयेत ही विनंती!